जावई परक्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसून घरी येतात, हे खरंच चालतं का?

पौर्णिमा_ठाणे

नमस्कार मंडळी. विमानवाल्यांपैकी कोणी इथं असेल तर जरा उजेड पाडा.

माझे जावई अमेरिकेत एका रिजनल, म्हणजे जवळच्या मार्गांवरच्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहेत. घर कोलंबसला, ड्यूटी सुरू होते शिकागोहून. लेक परवा बोलता बोलता म्हणाली की ते घरी येतात ते बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीच्या विमानातून, आणि तेसुद्धा कॉकपिटमध्ये, वैमानिकांच्या मागच्या घडीच्या खुर्चीवर बसून. तिकीट नाही, पैसे नाहीत. मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय.

आता माझी शंका. २०२३ मध्ये असाच एक ड्यूटीवर नसलेला वैमानिक त्या मागच्या खुर्चीवर बसला होता आणि त्यानं चालत्या विमानाची इंजिनं बंद करायचा प्रयत्न केला, ही बातमी आपल्याकडेही आली होती. एवढं होऊनही अजून बसू देतात?

दुसरं असं, की गेल्या दिवाळीत दोघं आली होती. इथल्या एका विमानतळावर सुरक्षा तपासणीत जावयांना बेल्ट काढायला लावला, बॅग दोनदा मशीनमधून फिरवली आणि दाढीच्या सामानातली कात्री काढून घेतली. ते तिथं काही बोलले नाहीत, पण नंतर मला म्हणाले, "आई, तिकडे मी ओळखपत्र दाखवून सरळ आत जातो. आणि कॉकपिटमध्ये माझ्या हाताशी कंपनीनंच कुऱ्हाड ठेवलेली असते." आमच्या ह्यांचं म्हणणं, इथलंच बरोबर, सगळ्यांना एकच न्याय. दोघांचं पटेना, मी मध्ये. कोणाचं खरं?

चिपळूणचा_बाप्या

एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर पासावर दुसऱ्या डेपोच्या गाडीतून जातात तसंच की हो हे. फक्त ते ड्रायव्हरच्या मांडीवर बसत नाहीत. 😄

बाकी फुकट असेल तर मलाही चालेल, कुऱ्हाडीला हात लावणार नाही असं लिहून देतो.

सांगलीचा_वैमानिक

पौर्णिमाताई, मी मूळचा सांगलीचा. आधी भारतात एटीआर, मग ए३२० उडवलं. बायकोच्या नोकरीपायी अमेरिकेत आलो, आता इथं बोइंग ७३७ वर आहे. राहतो नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, न्यूअर्क. म्हणजे तुमच्या जावयांचं आणि माझं गोत्र एकच, घर एकीकडे आणि बेस दुसरीकडे असलेल्या आम्हाला इकडे कम्यूटर म्हणतात. दोन्हीकडच्या रांगांत उभा राहिलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती खुर्ची. बाप्याभाऊंना हेवा वाटतोय म्हणून सांगतो. ७३७ मध्ये कॉकपिटचं दार लावलं की दारासमोरच बाजूच्या भिंतीतून एक घडीची खुर्ची ओढून आडवी पाडायची. रुंदी बेताची, पाठ काटकोनात, दोन्ही खांद्यांशी सर्किट ब्रेकरची पॅनेलं आणि गुडघे थेट दोन वैमानिकांच्या मधल्या कन्सोलपाशी. दार तुमच्या पाठीमागे. कॅप्टनला बाथरूमला जायचं असेल तर आधी तुम्ही उठायचं, खुर्ची घडी करायची, अंग चोरून कोपऱ्यात उभं राहायचं. डुलकी लागली तर डोकं टेकवायला काही नाही. मालवाहू विमानांत मात्र चैन असते, मागे धड खुर्च्या असतात, स्वतः चहा करून प्यायचा. प्रवासी विमानात केबिनमध्ये सीट रिकामी असेल तर आम्हाला बहुतेक वेळा तिथंच बसवतात. ही घडीची खुर्ची नशिबी येते ती विमान गच्च भरलेलं असेल तेव्हा. आणि कम्यूट करणाऱ्याचं विमान नेहमी गच्चच असतं.

आता 'बसू देतात' म्हणजे कोण बसू देतं? गेटवर जाऊन ओळखपत्र, वैमानिकाचं लायसन्स आणि मेडिकल दाखवायचं. गेटवरची बाई माझ्या कंपनीचा कोड आणि माझा कर्मचारी क्रमांक कॅस नावाच्या यंत्रणेत घालते. माझ्या कंपनीच्या संगणकाकडून त्या क्षणी माझा फोटो आणि हो किंवा नाही, एवढंच उत्तर येतं. 'नाही' आलं तर कॉकपिट विसरा. ११ सप्टेंबर २००१ नंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिटचं दार बंदच झालं होतं. हजारो लोक अडकले, कारण इथं अर्धे वैमानिक राहतात एका गावाला आणि बेस भलतीकडे. कॅस आल्यावर ते दार परत किलकिलं झालं.

कॅस झालं तरी काम संपत नाही. विमानात चढल्यावर कॉकपिटच्या दाराशी उभं राहून कॅप्टनची परवानगी मागायची. माझ्याच वयाचा किंवा माझ्याहून लहान कॅप्टन असला तरी नीट नाव सांगून, कुठल्या कंपनीत काय उडवतो ते सांगून, "येऊ का बरोबर?" असं विचारायचं. तो नाही म्हणाला तर उतरायचं. त्यानं कारण द्यायलाच पाहिजे असं नाही. बहुतेक कॅप्टन हसून "ये ये" म्हणतात, पण नकाराचा इतिहासही मोठा आहे. १९८५ मध्ये युनायटेडच्या वैमानिकांचा २९ दिवसांचा संप झाला होता. तो फोडून ज्यांनी विमानं चालवली त्यांना पुढं कित्येक वर्षं कित्येक कॅप्टननी ही खुर्ची दिली नाही. जुने लोक अजून त्या संपफोड्यांच्या यादीच्या गोष्टी सांगतात. खुर्ची कंपनीची, पण वजन कॅप्टनच्या शब्दाला.

एकदा बसलात की तुम्ही प्रवासी नसता. दारू प्यायलेली चालत नाही. कॅप्टन ऑक्सिजन मास्क दाखवतो, खिडकीतून बाहेर पडायची दोरी दाखवतो, हेडसेट देतो. दहा हजार फुटांखाली गप्पा बंद. पण काही वावगं दिसलं तर गप्प बसायचं नाही, हे कॅप्टन बजावूनच सांगतो. "आमच्या दोघांच्या नजरेतून सुटलं आणि तुला दिसलं, तर बोल."

हे नुसतं बोलायला नाही, ताई. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं एक ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला निघालं. उडाल्यापासून कॅप्टनच्या बाजूची दांडी थरथरत होती आणि विमान आपोआप नाक खाली घालत होतं. त्या कॉकपिटमध्ये मागच्या खुर्चीवर ड्यूटीवर नसलेला तिसरा वैमानिक होता. दोघांचे हात विमानाशी झटण्यात गुंतलेले असताना हा मोकळा होता, त्याला पूर्ण चित्र दिसत होतं. नाक खाली ढकलणाऱ्या ट्रिमच्या मोटरचा पुरवठा तोडणारे स्विच बंद केले गेले, आणि ते विमान जकार्ताला उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान, तोच बिघाड, दुसरा क्रू, मागची खुर्ची रिकामी. १८९ माणसं समुद्रात गेली. तिसरा असता तर वाचलेच असते असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही उड्डाणांतला हा फरक कुठल्याही वैमानिकाच्या डोक्यातून जात नाही.

२०२३ बद्दल. ती घटना २२ ऑक्टोबरची, एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं एम्ब्रेयर १७५. बहुधा तुमचे जावई उडवतात तेच विमान. मागे बसलेल्यानं डोक्यावरच्या आग विझवायच्या दोन्ही लाल मुठी धरल्या. त्या पूर्ण ओढल्या गेल्या असत्या तर दोन्ही इंजिनांचं इंधन बंद. दोघा वैमानिकांनी त्याचे हात धरले, मुठी परत जागेवर ढकलल्या, काही सेकंदांत तो बाहेर गेला आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. तो माणूस कॅसमध्ये पास होता. लायसन्स, मेडिकल, सगळं चोख. आदल्या रात्री झोप नव्हती, त्याआधी नशेची अळंबी खाल्ली होती, मनावर बराच काळ ओझं होतं आणि लायसन्स जाईल या भीतीनं ते कुणाला दाखवलं नव्हतं. हे सगळं पुढं चौकशीत आणि कोर्टात आलं. त्याची बॅग दहा वेळा मशीनमधून फिरवली असती तरी यातलं काही दिसलं नसतं. आमच्याकडे त्यानंतर खुर्ची बंद करण्यापेक्षा, वैमानिक डॉक्टरकडे जायला का घाबरतात यावरच जास्त बोलणं झालं, आणि मला ते योग्य वाटतं.

तपासणीचं वेगळं लिहितो, जेवून येतो.

माजी_फौजी_वाई

मी वर्दीतून निवृत्त झालो, त्यातली बरीच वर्षं विमानतळावर काढली. वैमानिक साहेबांनी चांगलं समजावलं. पण जावईबापूंच्या कात्रीबद्दल मला बोलू द्या.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं: गणवेश शिवून मिळतो. पट्ट्या, टोपी, बिल्ला, सगळं बाजारात मिळतं. त्यामुळे समोर कॅप्टन असो, हवाई सुंदरी असो, एअरलाइनचा मॅनेजर असो, डीएफएमडी म्हणजे मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायचं, एचएचएमडी म्हणजे हातातला डिटेक्टर अंगावरून फिरणार, सामान एक्स-रेत जाणार. ज्यांना झडती माफ आहे त्यांच्या हुद्द्यांचा फलक तिथंच लावलेला असायचा. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री, दलाई लामासुद्धा. वैमानिक त्यात नाहीत. त्या फलकावर दुसऱ्याच एका नावावरून देशभर वाद झाला होता, ते असो.

काही कॅप्टन चिडायचे. एकानं मला विचारलं होतं, "मला विमान पाडायचंच असेल तर मला चाकू कशाला लागेल?" प्रश्न बिनतोड आहे. पण कात्री जावयांच्या हातात राहील कशावरून? विमानात चढली की ती वरच्या कप्प्यातल्या बॅगेत. बॅगेवर लक्ष कोणाचं? कॉकपिटमधली कुऱ्हाड मजबूत दाराच्या आत असते, कात्री दाराच्या बाहेर. मी कात्री बघतो, माणूस बघत नाही.

आणि ही कडक व्यवस्था उगाच आलेली नाही. डिसेंबर १९९९ मध्ये आयसी ८१४ काठमांडूहून पळवलं. त्यानंतर विमानतळांची जबाबदारी सीआयएसएफकडे यायला लागली, पहिलं जयपूर, फेब्रुवारी २००० मध्ये. आधी राज्याराज्यांचे पोलीस होते, एकेका ठिकाणची एकेक तऱ्हा. तेव्हा 'ओळखीचा आहे, जाऊ दे' चालायचं. ते मोडायला फार कष्ट पडले. आता जावयांसाठी परत चालू करा म्हणता?

कल्याणी_दोहा

फौजीकाका, तुमची वर्दी आठवून आत्ताही हात आपोआप वर गेले.

मी केबिन क्रू. जगात जाईल तिथं वेगळा नियम, हे आमच्या बॅगेलाच विचारा. अमेरिकेत गणवेशात असले की पाण्याची बाटली, शाम्पू, काही विचारत नाहीत. लंडनला बरीच वर्षं तीच बाटली कुणी शांतपणे कचऱ्यात टाकायचं, क्रू आहेस वगैरे सांगायची सोय नव्हती, कारण २००६ मध्ये द्रव स्फोटकांचा कट तिथंच उघडकीला आला होता. बूट काढायचे की नाही हाही एक घोळ. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात बुटात स्फोटक लपवलेला माणूस डिसेंबर २००१ मध्ये सापडला म्हणून पुढं सगळ्या जगाचे पाय उघडे झाले, आणि अमेरिकेतलाच तो नियम जुलै २०२५ मध्ये उठला. मधल्या काळात मी किती मोजे वाया घालवले ते विचारू नका.

एका विमानतळावर माझं मेटकूट काढून घेतलं होतं. पिवळसर पूड, घट्ट बांधलेली पिशवी, आणि मी समजावतेय की हे भातावर घालतात. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. त्यात त्याचा दोष नाही, तरी जीव हळहळला.

पण आमच्यातल्यांनीच गैरफायदा घेतलेला आहे हेही खरं. मार्च २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला एका फ्लाइट अटेंडंटला तपासणीसाठी बाजूला घेतलं. एरवी क्रू म्हणून सरळ जायची, त्या दिवशी नेमका यादृच्छिक नंबर लागला. तिनं बॅग तिथंच टाकली, चपला काढल्या आणि सरकत्या जिन्यावरून पळाली. बॅगेत ३० किलोच्या आसपास कोकेन. 'आम्ही क्रू आहोत' म्हणून नाक वर करणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं, माझ्यासकट.

चिपळूणचा_बाप्या

सांगलीकर, एक गंभीर प्रश्न. तुम्ही म्हणता ती खुर्ची काटकोनात, डुलकी लागत नाही. मग त्यावर रात्रभर बसून आलेला माणूस सकाळी आमचं विमान चालवतो? मला तर अळंबीपेक्षा हे जास्त भयंकर वाटतंय.

सांगलीचा_वैमानिक

बाप्याभाऊ, चेष्टेत सुरुवात करून तुम्हीच नेमक्या जागी बोट ठेवलंत. त्यावर येतो. आधी राहिलेलं तपासणीचं.

फौजीसाहेबांना माझा सलाम, 'गणवेश शिवून मिळतो' हे वाक्य मी इथल्या क्रू रूममध्ये भिंतीवर लावणार आहे. कारण याच्या उलट समजुतीतून अमेरिकेनं एक मोठी किंमत मोजली. ७ डिसेंबर १९८७, पीएसए कंपनीची फ्लाइट १७७१, लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को. एअरलाइनमधून चोरीबद्दल काढून टाकलेला एक कर्मचारी. ओळखपत्र त्याच्याकडून परत घेतलं नव्हतं. ते दाखवून तो मेटल डिटेक्टर टाळून आत गेला, कमरेला रिव्हॉल्व्हर, आणि ज्या साहेबानं त्याला काढलं तो त्याच विमानात. विमान कोसळलं, ४३ माणसं मेली. त्यानंतर इथंही नियम आला की क्रूची तपासणी प्रवाशांसारखीच होणार आणि नोकरी गेली की ओळखपत्र त्याच क्षणी जमा.

म्हणजे फौजीसाहेब जे सांगतात ते अमेरिकेनं आधी करून पाहिलं आहे, आणि बरीच वर्षं. उलट फिरलं ते २००१ नंतर. कॉकपिटची दारं गोळी झेलतील अशी झाली, २००३ पासून काही वैमानिकांना सरकारनंच प्रशिक्षण देऊन पिस्तूल बाळगायची परवानगी दिली. एका दारानं सरकार पिस्तूल देतंय आणि दुसऱ्या दारावर सरकारच त्याची नेलकटर काढून घेतंय, हा विनोद किती दिवस चालणार? नोव्हेंबर २०१० मध्ये अंगाचा एक्स-रे काढणाऱ्या नव्या स्कॅनरवरून वैमानिकांनी एवढी ओरड केली की टीएसएनं, म्हणजे इथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेनं, त्यांना त्यातून वगळलं. पुढच्या वर्षी वैमानिकांची संघटना आणि एअरलाइन्स यांनी मिळून 'नोन क्रूमेंबर' योजना सुरू केली. जावई म्हणतात तो 'सरळ आत' हा रस्ता त्यातूनच आलेला. बाजूला एक छोटा दरवाजा, एका डेस्कवर टीएसएचा माणूस, दोन ओळखपत्रं, संगणक. पण सरळ म्हणजे दर वेळी सरळ नाही. कल्याणीनं सांगितलं तसा अधूनमधून नंबर लागतो आणि मग सगळ्यांबरोबर रांगेत. तो नंबर कधी लागेल हे आम्हाला कळत नाही, आणि त्यातच त्या योजनेचा जीव आहे.

माझ्या लेखी खरी तपासणी हीच. त्या संगणकाला एकच गोष्ट ठाऊक असते: हा माणूस या घडीला नोकरीवर आहे की नाही. १९८७ चा माणूस या दरवाजातून गेला नसता. आता ताई, तुमचे जावई भारतातल्या विमानतळावर प्रवासी म्हणून उभे होते. त्यांच्या ओळखपत्राची चौकशी करायला समोरच्या जवानाकडे काही साधनच नव्हतं. त्याच्यासाठी ते एक छापील कार्ड. तो जवान त्यांना सोडून देता तर मी त्याच्यावर चिडलो असतो. त्यामुळे तुमच्या यजमानांचं बरोबर. जावयांचंही बरोबर, पण कोलंबसपुरतं.

आपल्याकडे असा दरवाजा का नाही? दोन कारणं दिसतात मला. एक म्हणजे सगळ्या एअरलाइन्सना जोडणारी अशी तत्काळ उत्तर देणारी यादी हवी, आणि ती खोटी पडली तर जबाबदार कोण हे ठरवायला हवं. दुसरं, आपली व्यवस्था मुळात कोणावर भरवसा ठेवून बांधलेलीच नाही. इथं मला दारूच्या चाचणीसाठी कधीतरी अचानक बोलावतात. भारतात उड्डाणाआधी नळीत फुंकणं चुकत नव्हतं. मला त्याचा राग येत नसे, खरं सांगायचं तर पहाटे साडेतीनला फुंकून झालं की ड्यूटी सुरू झाल्यासारखी वाटायची.

परक्या कंपनीच्या कॉकपिटमधून घरी जाणं हा प्रकारच भारतात नाही. पुण्याचा वैमानिक दिल्ली बेसला असेल तर स्वतःच्या कंपनीच्या स्टाफ तिकिटावर नाहीतर पैसे भरून जातो. आणि अनधिकृत माणूस कॉकपिटमध्ये घेतला तर काय होतं हे २०२३ मध्ये दिसलंच. फेब्रुवारीत दुबई-दिल्ली विमानात कॅप्टननं ओळखीच्या व्यक्तीला आत बसवलं, डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकानं, त्याचं लायसन्स तीन महिने थांबवलं आणि एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला.

सगळं यादीवर भागतं असंही नाही. ७ एप्रिल १९९४ ला फेडएक्सच्या मालवाहू डीसी-१० मध्ये, मेम्फिसहून निघालेल्या फ्लाइट ७०५ मध्ये, त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनीअर जंपसीटवर, म्हणजे याच मागच्या फुकट खुर्चीवर होता. गिटारच्या केसमध्ये हातोड्या आणि मासे मारायची भालाबंदूक. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर शिस्तभंगाची सुनावणी होती. म्हणजे त्या दिवशी तो नोकरीत होता, यादीत 'हो'. त्यानं क्रूवर हल्ला केला, पण तिघांची डोकी फुटलेली असताना त्या क्रूनं त्याला आवरत विमान परत मेम्फिसला उतरवलं. विमान उलटंपालटं करून त्याला पाडलं, ते प्रवासी विमान नसल्यामुळे जमलं. तिघांपैकी कोणी पुन्हा व्यावसायिक उड्डाण करू शकला नाही. इथं मात्र फौजीसाहेबांचं एक्स-रे मशीन कामी आलं असतं.

आता बाप्याभाऊंचा प्रश्न. पौर्णिमाताई, काळजी करायची असेल तर ही करा.

१२ फेब्रुवारी २००९. कोल्गन या रिजनल कंपनीची फ्लाइट ३४०७, न्यूअर्कहून बफेलोला. रात्री, बर्फाळ हवा, उतरायच्या आधी वेग कमी होऊ दिला, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, आणि कॅप्टननं नेमकी उलटी दांडी ओढली. विमानातले ४९ आणि घरातला एक, अशी ५० माणसं गेली. त्यातली फर्स्ट ऑफिसर सिअॅटलजवळ राहत होती. बेस न्यूअर्क, म्हणजे देशाचं दुसरं टोक. आदल्या रात्री ती फेडएक्सच्या जंपसीटवरून आधी मेम्फिसला आणि तिथून न्यूअर्कला आली, मग क्रू रूममध्ये बसली-पहुडली, आणि दिवसाच्या शेवटी उड्डाण. थकव्याचा किती हात होता हे अहवालाला नक्की मोजता आलं नाही, पण दोघंही थकलेले असण्याची दाट शक्यता त्यात नोंदलेली आहे. कॅप्टनही कम्यूटरच होता. आणि पगार? त्या काळी रिजनलच्या नव्या फर्स्ट ऑफिसरला न्यूअर्कजवळ खोली परवडत नव्हती. खुर्ची फुकट होती म्हणून ती सिअॅटलला राहू शकत होती. फुकट खुर्चीची ही खरी किंमत.

त्यानंतर जानेवारी २०१४ पासून इथं विश्रांतीचे नवे नियम आले. ड्यूटीच्या आधी दहा तास मोकळे, त्यात आठ तास झोपेची संधी. पण घरून बेसला येण्यात गेलेला वेळ कंपनीच्या वहीत ड्यूटी नसतो, तो माझा स्वतःचा. कायदा म्हणतो, दमलेला असलास तर उडू नकोस. तो निर्णय मी घ्यायचा. सकाळी सहाच्या उड्डाणासाठी आदल्या संध्याकाळीच जायचं की पहाटेचं पहिलं विमान पकडायचं, हा प्रश्न घरात मुलगा होमवर्क घेऊन बसलेला असताना सोपा नसतो. न्यूअर्कला मी एका क्रॅश पॅडमध्ये, म्हणजे क्रूसाठीच्या सामाईक खोलीत, खाट भाड्यानं घेतली आहे. एका खोलीत दुमजली पलंग, कोण कधी येतो कोण कधी जातो पत्ता नाही, सिंकमध्ये कुणाचा तरी कप. पण आडवं होता येतं. जावयांना विचारा, शिकागोला त्यांची खाट आहे का. नसेल तर मुलीकडून आग्रह धरा. खर्च होतो, होऊ दे.

पौर्णिमा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना फौजीसाहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, आज चहा त्यांनी केला. लेकीला लगेच मेसेज टाकला. खाट आहे म्हणाली, पण ते बऱ्याचदा पहाटेचंच विमान धरतात. आता ते फोनवर ऐकतील तेव्हा खरं.

एकच शेवटचं. यंदाही दिवाळीला यायचं म्हणताहेत. जावई म्हणतात, शिकागोहून दिल्लीला एअर इंडियानं कर्मचारी भाड्यात येऊ, पुढं ठाण्यापर्यंत बघू. याच खुर्चीवर बसून येता येतं का तेवढं लांब? आणि कल्याणी, हातातल्या बॅगेत लोणचं नेऊ देतात का गं?

कल्याणी_दोहा

काकू, लोणचं चेक-इन बॅगेतच. बरणी आधी पिशवीत, मग टॉवेलमध्ये, आणि झाकणाला टेप. मेटकूटही तिथंच.

सांगलीचा_वैमानिक

ताई, नाही. कॅसचा कारभार अमेरिकेतल्या अमेरिकेत. भारतीय कंपनीच्या कॉकपिटमध्ये त्यांना बसता येणार नाही. कर्मचारी भाडं म्हणजे झेड तिकीट. स्वस्त असतं, पण स्टँडबाय. सीट उरली तर मिळते, सगळे पैसे भरलेले प्रवासी चढल्यावर. फेब्रुवारीत ठीक आहे. दिवाळीच्या आठवड्यात शिकागो-दिल्लीला सीट उरत नाही. मी एकदा बायको आणि पोराला घेऊन त्या गेटवर दोन रात्री लागोपाठ नाव पुकारायची वाट बघत बसलो होतो, ते घरात अजून ऐकून घेतोय. जाताना तरी पूर्ण पैशाचं तिकीट काढायला सांगा. परतीला नोव्हेंबरच्या मध्यात गर्दी ओसरते, तेव्हा झेडवर बघता येईल. आणि दाढीची कात्री चेक-इनमध्ये टाका म्हणावं.